ठाण्याहून महापेला जाणारे फुटेज मध्येच का अडते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडबंदर रस्त्यावरच्या सेटवर रोज चित्रीकरण होते, संध्याकाळी कार्डे वागळे इस्टेटमधल्या तुमच्या संकलन कार्यालयात येतात आणि तिथल्या लहान नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरून वापरायच्या डिस्कांच्या पेटीवर, उतरवली जातात. त्यावरून ती मोठ्या नॅसवर जातात आणि रात्री नऊ वाजता व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरून दोन कार्यालयांना जोडणाऱ्या खासगी वाटेतून, महापेच्या कार्यालयातल्या तिसऱ्या नॅसवर त्यांची प्रत निघते. प्रकल्पाच्या फाइली, ध्वनी आणि छोट्या क्लिपा सुखरूप पोहोचतात. मोठे फुटेज मात्र कधी सुरुवातीलाच गोठते, कधी दोन तासांनी तुटते, आणि दोनदा तर ‘काम पूर्ण झाले’ असा संदेश येऊनही महापेला फाइल उघडलीच नाही. तुम्ही स्विच बदललात, राउटर बदललात, फर्मवेअरही अद्ययावत केलेत, तरी काही फरक पडला नाही.

फरक न पडण्याचे कारण मला असे दिसते की तुम्ही एक बिघाड शोधत आहात आणि प्रत्यक्षात ते तीन-चार वेगवेगळे बिघाड आहेत. म्हणून आणखी काहीही बदलण्याआधी एक वही करा. प्रत्येक फसलेल्या फाइलीसमोर तिचा मूळ आकार, पलीकडे पोहोचलेला आकार (दोन्ही बाइटमध्ये, गिगाबाइटमध्ये गोळाबेरीज करून नव्हे), काम सुरू झाल्यापासून किती मिनिटांनी ते तुटले, त्या वेळी घड्याळात किती वाजले होते आणि फाइलीचे अक्षरशः पूर्ण नाव, एवढे लिहा. आठवडाभराच्या नोंदी झाल्या की काही फाइली ठरावीक आकाराला अडतात, काही ठरावीक वेळेला, काही पहिल्याच क्षणी आणि काही कुठेही, असे गट आपोआप पडतात, आणि प्रत्येक गटाचे कारण वेगळ्या ठिकाणी सापडते. ठाणे आणि नवी मुंबईतल्या स्टुडिओंची साठवण सांभाळताना मी ही वही सर्वांत आधी मागतो, कारण तिच्याशिवाय केलेली दुरुस्ती हा निव्वळ अंदाज असतो.

ठरावीक आकाराचा गट ओळखायला सर्वांत सोपा. पलीकडची फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटच्या आसपास थांबत असेल, किंवा त्याहून मोठी फाइल सुरूच होत नसेल, तर लक्ष्य असलेली डिस्क फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे. त्या पद्धतीत एका फाइलीची कमाल मर्यादा तेवढीच असते. नॅसच्या आतल्या डिस्कांना ही अडचण येत नाही, पण नॅसच्या मागे यूएसबीने जोडलेली एखादी जुनी डिस्क ‘शेअर’ म्हणून दिसत असते आणि काम नेमके तिच्याकडे वळवलेले असते. तिला एक्सफॅट किंवा नॅसच्या स्वतःच्या पद्धतीत फॉरमॅट करावे लागेल आणि त्यात तिच्यावरचे सगळे पुसले जाईल, म्हणून आधी तो मजकूर दुसरीकडे हलवा. आकाराशीच निगडित आणखी एक कारण म्हणजे जागा. आरसिंक हा प्रती काढणारा प्रोग्राम पलीकडे आधी तात्पुरत्या नावाने फाइल लिहितो आणि पूर्ण झाल्यावर तिचे नाव बदलतो, त्यामुळे जुनी प्रत बदलायची असेल तर काही काळ दोन्ही प्रती डिस्कवर असतात. नॅसच्या पडद्यावर ‘शंभर गिगाबाइट शिल्लक’ दिसत असले तरी त्या खात्याचा कोटा, रिसायकल बिन आणि स्नॅपशॉट (जुन्या स्थितीच्या जपून ठेवलेल्या प्रती) यांनी ती जागा आधीच धरलेली असू शकते.

आता दोन तासांनी तुटणाऱ्या फाइलींविषयी. तुम्ही प्रोरेस ४२२ एचक्यू या व्हिडिओच्या प्रकारात काम करता. १०८० आकाराच्या, सेकंदाला २५ चौकटींच्या फुटेजचा वेग सेकंदाला सुमारे १८४ मेगाबिट असतो, म्हणजे एका तासाचे साधारण ८३ गिगाबाइट होतात. तुमची लाइन १०० मेगाबिटची आहे. तिच्यातून प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११ मेगाबाइट जातात, म्हणून अशी एक फाइल महापेला पोहोचायला दोन तासांहून थोडे अधिक लागतात. तुमचे जुने काम एफटीपी या फाइली पाठवण्याच्या पद्धतीने चालते असे तुम्ही लिहिले आहे, आणि माझा पहिला संशय तिथेच आहे. एफटीपी दोन जोडण्या उघडतो: एक आज्ञांसाठी आणि दुसरी प्रत्यक्ष मजकुरासाठी. मजकूर वाहत असतो तेव्हा आज्ञांची जोडणी पूर्ण गप्प असते, आणि मधला राउटर किंवा फायरवॉल गप्प जोडणीला काही काळाने विसरून जातो. राउटरने स्थिर जोडणी किमान २ तास ४ मिनिटे लक्षात ठेवावी असा इंटरनेटचा मानक संकेत आहे आणि लिनक्समध्ये ‘मी अजून आहे’ असे सांगणारा कीपअलाइव्ह संदेशही मुळात ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी निघतो. पण अनेक स्वस्त राउटर त्याच्या कितीतरी आधी जोडणी टाकून देतात. मग असे होते की सगळा मजकूर पलीकडे पोहोचतो, परंतु ‘पोहोचले’ हा निरोप परत येत नाही, आणि पाठवणारे यंत्र ते काम फसले असे समजून तीच ८३ गिगाबाइटची फाइल पुन्हा पहिल्यापासून पाठवायला घेते.

याची खूण वहीतच मिळेल: ‘फसलेल्या’ फाइलीचा पलीकडचा आकार मूळ आकाराशी बाइट-बाइट जुळतो. तसे असेल तर एफटीपी सोडा आणि एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून चालणारा आरसिंक वापरा, त्यात दोन्हीकडून दर मिनिटाला कीपअलाइव्ह जाईल अशी व्यवस्था करा. आरसिंकला ‘पार्शल’ हा पर्याय दिला आहे ना, हेही पाहून घ्या. तो नसेल तर मध्येच तुटलेल्या फाइलीचा आलेला भाग पुसला जातो आणि पुढच्या वेळी शून्यापासून सुरुवात होते. म्हणजे दोन तास पाच मिनिटांची फाइल आणि दोन तासांनी तुटणारी लाइन अशी गाठ पडली तर ती फाइल कधीच पोहोचणार नाही. विंडोजवरून रोबोकॉपी हा कॉपीचा प्रोग्राम चालवत असाल तर त्याचीही एक मूळ सेटिंग बदलावी लागेल: कॉपी फसल्यास तो ३० सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करतो आणि असे प्रयत्न तो १० लाख वेळा करतो. पडद्यावर ते काम चालू असल्यासारखे दिसते, प्रत्यक्षात रात्रभर एकाच फाइलीवर अडकलेले असते. प्रयत्न पाच आणि थांबा दहा सेकंद एवढे पुरे आहे. फसलेली फाइल नोंदीत आली म्हणजे सकाळी तिच्याकडे पाहता येते.

सुरुवातीलाच गोठणाऱ्या फाइलींचे कारण वेगळे आहे आणि ते ओळखायला मला स्वतःला सर्वांत जास्त वेळ लागला होता. लक्षण असे: लॉगिन होते, फोल्डरांची यादी दिसते, दोन-चार किलोबाइटच्या फाइली झटकन जातात आणि मोठी फाइल पहिल्या काही सेकंदांतच शून्यावर थिजते. नेटवर्कवर फाइल लहान-लहान पाकिटांत विभागून जाते, आणि अशा वेळी मधल्या वाटेवर कुठेतरी मोठे पाकीट मावत नाही, आणि ते मावले नाही हे सांगणारा निरोपही परत येत नाही. साध्या इथरनेटवर पाकिटाची मर्यादा १,५०० बाइट असते. फायबरची जोडणी पीपीपीओईने (लॉगिन करून चालू होणाऱ्या प्रकाराने) येत असेल तर ती १,४९२ होते आणि व्हीपीएनच्या आत आणखी कमी, वायरगार्ड या व्हीपीएनमध्ये सहसा १,४२०. मोठे पाकीट अडवणाऱ्या राउटरने आयसीएमपी या निरोपांच्या पद्धतीने ‘लहान करून पाठव’ असे कळवायचे असते, पण सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपी सरसकट बंद केलेले असते, त्यामुळे पाठवणारे यंत्र तेच मोठे पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहते. लहान फाइल एका पाकिटात मावते, म्हणून ती सुटते.

तपासणी पाच मिनिटांची आहे. ठाण्याच्या यंत्रावरून महापेच्या नॅसला पिंग (उत्तर मागणारे चाचणीचे पाकीट) करा, ‘तुकडे करू नको’ हा पर्याय लावा आणि मजकुराचा आकार बदलत जा. पाकिटाच्या आकारातून शीर्षकांचे २८ बाइट वजा केले की पिंगचा आकार मिळतो, म्हणून १,५०० साठी १,४७२, १,४९२ साठी १,४६४ आणि १,४२० साठी १,३९२ हे आकडे तपासायचे. ज्या आकड्याला उत्तर येते आणि त्याच्याहून मोठ्याला येत नाही, त्यात ते २८ पुन्हा मिळवले की तुमच्या वाटेची खरी रुंदी मिळते. व्हीपीएनच्या दोन्ही टोकांवर तीच मर्यादा घाला, राउटरमध्ये एमएसएस क्लॅम्पिंग, म्हणजे पाकिटे आधीच लहान ठेवायला लावणारी सोय, चालू करा आणि आवश्यक तो आयसीएमपी निरोप येऊ द्या.

हाच घोळ कार्यालयाच्या आतही होतो, आणि तिथे तो आपण स्वतः ओढवून घेतलेला असतो. कोणीतरी वेग वाढेल म्हणून एका नॅसवर जम्बो फ्रेम, म्हणजे ९,००० बाइटची पाकिटे चालू करतो आणि मधला स्विच किंवा दुसरा नॅस १,५०० वरच राहतो. आतल्या वाटेवर ८,९७२ बाइटचे पिंग जात नसेल तर जम्बो बंद करा. माझे मत विचाराल तर गिगाबिट नेटवर्कवर जम्बोच्या नादी लागूच नये. संकलनाची यंत्रे आणि मोठा नॅस यांच्यामधल्या १० गिगाबिटच्या स्वतंत्र, बंदिस्त जोडणीपुरतेच ते ठेवावे. तसेच दोन केबली एकत्र बांधून दिलेली जोडणी एकाच फाइलीला दुप्पट वेग देत नाही, कारण एक प्रवाह एकाच केबलमधून जातो. तुमच्या अपेक्षेचा तोही एक भाग होता म्हणून लिहिले.

कुठेही, कधीही तुटणाऱ्या फाइलींसाठी आधी नेटवर्क आणि डिस्क यांना वेगळे करा. दोन यंत्रांवर आयपर्फ३ चालवला की डिस्कला हात न लावता नुसती वाट मोजली जाते. गिगाबिटवर सुमारे ९४० मेगाबिट दिसले पाहिजेत. तेवढे दिसत असूनही कॉपी रखडत असेल तर दोष डिस्ककडे आहे. ९५ च्या आसपास दिसले तर जोडणी १०० मेगाबिटवर घसरली आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वी ऐरोलीत खाडीच्या बाजूच्या एका स्टुडिओत अगदी हेच झाले होते. जूनपासून फाइली तुटू लागल्या, मालकांनी नॅस बदलला, तरी तेच. पोर्टवरचा दिवा हिरव्याऐवजी नारिंगी होता, म्हणून भिंतीतल्या सॉकेटमधून पॅच कॉर्ड काढून कनेक्टर भिंगाखाली पाहिला. आठ सोनेरी पट्ट्यांपैकी शेवटच्या दोन, म्हणजे तपकिरी जोडीच्या, हिरवट पडल्या होत्या, आणि तपकिरी तारेचे टोक कनेक्टरच्या आत जेमतेम टेकलेले होते. १०० मेगाबिटला नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला मात्र चारही लागतात. दमट हवेत ती एक जोडी मधूनमधून सुटायची, जोडणी खाली-वर व्हायची आणि त्या दोन-तीन सेकंदांत चाललेली कॉपी मरायची. केबल चार इंच मागे कापून नवा कनेक्टर क्रिंप केला, आणि सेकंदाला ११ मेगाबाइटवर अडकलेली कॉपी ११२ वर गेली. तुमचा स्विच बदलला गेला असला तरी केबली जुन्याच आहेत, त्यामुळे स्विचच्या पोर्टवरचे सीआरसी त्रुटींचे, म्हणजे वाटेत बिघडलेल्या पाकिटांचे, आकडे पाहा. ते वाढत असतील तर त्या पोर्टची केबल आधी बदला.

डिस्कसाठी नॅसच्या स्मार्ट (डिस्कने स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवलेल्या नोंदींच्या) अहवालात दोन ओळी वाचायला शिका. १९७ व्या ओळीत वाचता न आलेले, निर्णय प्रलंबित असलेले सेक्टर, म्हणजे डिस्कचे छोटे तुकडे, मोजले जातात. तिथे शून्याहून मोठा आकडा असेल तर ती डिस्क एकेक सेक्टर पुन्हा पुन्हा वाचू पाहते, नॅस तेवढा वेळ गप्प राहतो आणि पलीकडचे विंडोज कंटाळून जोडणी सोडते. १९९ व्या ओळीतला आकडा वाढत असेल तर बहुधा डिस्क ठीक असते आणि तिच्या व बोर्डाच्या मधली जोडणी सैल असते. १९७ वाढते आहे अशी डिस्क मी ग्राहकाला एक दिवसही वापरू देत नाही.

नावांचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण तुम्ही पाठवलेल्या नोंदीत ‘दुसऱ्या दिवसाचे चित्रीकरण’ या नावाचे दोन फोल्डर शेजारी-शेजारी दिसतात आणि त्यामुळे मी थांबलो. लिनक्सवर चालणाऱ्या नॅसमध्ये एका नावाची मर्यादा २५५ बाइट असते, अक्षरे नव्हे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो, मात्रा असो की हलन्त, तीन बाइट घेते. ‘दुसऱ्या’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. त्यात चिन्हे सात आहेत आणि बाइट २१. म्हणजे एका नावात ८५ चिन्हेच मावतात, आणि काही नॅसवर कूटबद्ध फोल्डरमध्ये मर्यादा १४३ बाइटवर येते तेव्हा फक्त ४७. दृश्य, भाग, दिवस, स्थळ आणि कलाकार असे सगळे नावात भरण्याची आपली सवय इथे नडते, आणि लहान नॅसवर मावलेले नाव महापेच्या कूटबद्ध फोल्डरमध्ये नाकारले जाते.

दोन फोल्डर दिसण्याचे कारण मात्र ‘ऱ’ हे अक्षर आहे. संगणकात ते दोन प्रकारे लिहिता येते: एकच चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणून. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत नावे साठवताना ते फोडून दोन चिन्हांत ठेवते, विंडोज आणि नॅसवर ते सहसा एकसंध असते. अशा मॅक डिस्कवरून आरसिंकने प्रत काढली की नॅसला ती दोन वेगळी नावे वाटतात. अर्धे फुटेज एका फोल्डरमध्ये जाते, अर्धे दुसऱ्यात, आणि संकलकाला ‘फाइल सापडत नाही’ असे दिसते. आरसिंकमध्ये यासाठी नावे एका पद्धतीतून दुसरीत बदलणारा आयकॉन्व्ह हा पर्याय आहे, पण तो ३.० आवृत्तीपासून आला, आणि मॅकसोबत बरीच वर्षे २.६.९ हीच आवृत्ती येत होती. म्हणून नवी आवृत्ती स्वतंत्रपणे बसवा. मराठी नावे सोडून द्या असे मी मुळीच म्हणणार नाही. फोल्डरची नावे मराठीत, पण आटोपशीर ठेवा, क्लिपांची कॅमेऱ्याने दिलेली नावे तशीच राहू द्या, आणि तारखेत तिरकी रेघ घालू नका, कारण मॅकवर ती चालते आणि विंडोज तिला नाकारते.

जुना लहान नॅस नव्या विंडोजला दिसत नाही म्हणून एसएमबी१, म्हणजे फाइली शेअर करण्याच्या पद्धतीची जुनी आवृत्ती, पुन्हा चालू करण्याचा सल्ला तुम्हाला कोणी दिला आहे, तो मानू नका. विंडोज १० ने २०१७ मध्ये ते मुळातूनच बंद ठेवायला सुरुवात केली. त्याच वर्षी जूनमध्ये, एसएमबी१ मधल्या दोषाचाही वापर करून पसरलेल्या नॉटपेट्या हल्ल्यात आपल्या जवळच्याच न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले होते. नॅसमध्ये एसएमबी२ किंवा ३ चालू करा. तो ते बोलत नसेल तर त्याला नेटवर्कवरून उतरवा.

शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत गंभीर गट म्हणजे ‘पूर्ण’ होऊनही न उघडणाऱ्या फाइली. मोव्ह (.mov) या व्हिडिओ फाइलीची अनुक्रमणिका सहसा लेखन संपल्यावर फाइलीच्या शेवटी लिहिली जाते. तुमचे रात्रीचे काम नऊला सुरू होते आणि कार्ड उतरवणे कधी साडेनऊपर्यंत चालते, असे तुमच्याच वेळापत्रकावरून दिसते. म्हणजे कामाने अर्धी उतरलेली फाइल उचलली, प्रामाणिकपणे अर्धीच पोहोचवली आणि काम पूर्ण झाल्याचे कळवले. त्यातच ‘आधीपासून असलेली फाइल वगळा’ हा पर्याय लावलेला असेल तर दुसऱ्या रात्रीही ती अपुरी फाइल बदलली जात नाही. उपाय साधा आहे. एकाच शेअरमध्ये ‘येणारे’ आणि ‘तयार’ असे दोन फोल्डर करा, कार्ड पहिल्यात उतरवा, उतरवून झाल्यावर ते फोल्डर दुसऱ्यात हलवा आणि महापेचे काम फक्त ‘तयार’वर लावा. एकाच शेअरमध्ये हलवणे हे नुसते नाव बदलणे असते, त्याला क्षणभरही लागत नाही.

एवढे करूनही दोन्ही टोकांना चेकसम, म्हणजे फाइलीच्या सगळ्या मजकुरावरून काढलेली पडताळणीची बेरीज, काढल्याशिवाय प्रत पोहोचली असे मानू नका. आरसिंक फाइल तशीच आहे की नाही हे मुळात आकार आणि वेळ पाहून ठरवतो, आतला मजकूर पाहून नव्हे. पाकिटे पोहोचवणाऱ्या टीसीपीची स्वतःची बेरीज अवघ्या १६ बिटांची असते आणि नॅसच्या मेमरीत किंवा डिस्ककडे जाताना झालेली चूक तिला दिसतही नाही. बेरीज काढण्याच्या पद्धतींपैकी एमडी५ चालेल, एक्सएक्सहॅश बराच वेगवान आहे. बेरीज त्या-त्या नॅसवरच एसएसएचने लॉगिन करून काढा, नाहीतर ती काढण्यासाठी ८३ गिगाबाइट पुन्हा लाइनवरून ओढले जातील. महापेची बेरीज सकाळी काढलेली बरी, कारण नुकतीच लिहिलेली फाइल डिस्कऐवजी मेमरीतूनच वाचली जाण्याची शक्यता असते.

साचलेल्या ४ टेराबाइटसाठी या लाइनवर अवलंबून राहू नका. १०० मेगाबिटचा पूर्ण वेग अखंड मिळाला तरी त्याला सुमारे ८९ तास लागतील, म्हणजे रोजच्या फुटेजला चार दिवस वाटच मिळणार नाही. दोन कूटबद्ध डिस्कवर दोन प्रती काढा, ट्रान्स हार्बरच्या लोकलने कोपरखैरणेला उतरून एक महापेला पोहोचवा, दुसरी ठाण्यातच ठेवा, आणि तिथे चेकसम जुळल्यावर रात्रीचे काम फक्त नव्या फुटेजवर सुरू करा.

आज रात्री दोनच गोष्टी तपासून कळवा: महापेच्या नॅसला व्हीपीएनमधून १,३९२ बाइटचे पिंग जाते का, आणि तिन्ही नॅसच्या प्रत्येक डिस्कच्या १९७ व १९९ या ओळींत कोणते आकडे आहेत. त्या दोन न उघडणाऱ्या क्लिपांची मूळ कार्डे अजून फॉरमॅट केली नसतील तर ती बाजूला काढून, त्यांवर चिठ्ठी लावून कपाटात ठेवा.